बी.एड. बेळगावात करू की नाक्यापलीकडं?

आदरणीय बाई,

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बी.एस्सी. बेळगावात झाली. विषय भौतिक, रसायन, गणित. ६४ टक्के पडले. दोन वर्षं झाली, शहरातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. पगार नऊ हजार. बी.एड. नाही तोवर वाढणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

बी.एड. करायचं नक्की आहे, कुठून ते ठरत नाही. बेळगावात केलं तर शिकवणं इंग्रजी-कन्नडमध्ये, आणि माझं कन्नड अक्षरं लावून वाचण्यापुरतं. नाक्यापलीकडं, महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजकडं केलं तर मराठीत होईल, पण ते इकडं चालेल का? ओळखीतले एक जण म्हणतात, एका कॉलेजात पैसे भरले की रोज जावं लागत नाही, परीक्षेपुरतं जायचं, नोकरीही सुटत नाही. बाबा म्हणतात, पुढं एका वर्षाचं बी.एड. येणार आहे, तोवर थांब. मैत्रिणी म्हणतात, मराठी शाळांत पोरंच राहिली नाहीत, शिकवणार कुणाला?

परवा आठवीतला एक मुलगा तास संपल्यावर हळूच मराठीत विचारायला आला, 'टीचर, मायनसला मायनसनं गुणलं की प्लस कसं काय होतंय?' शाळेत मराठी बोलायचं नाही असा नियम आहे. मी इंग्रजीत सूत्र सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला समजलं नव्हतं. ते मनातून जात नाही.

– तुमची एक वाचक

प्रिय मुली,

रोज न जाता मिळणारं बी.एड. घेऊ नकोस. बाकीच्या प्रश्नांना दोन बाजू आहेत, याला नाही, म्हणून हे आधी सांगून टाकते.

बी.एड. दोन वर्षांचं झालं ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी. त्याच नियमांत लिहिलंय की वर्षाला २०० दिवस काम चाललं पाहिजे, विद्यार्थ्याची हजेरी ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेची ९० टक्के पाहिजे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवायचे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. आता तुझ्यापुरता विचार कर. त्याच दोन वर्षांत तू इंग्रजी शाळेत पूर्ण वेळ नोकरी करणार. उद्या भरतीच्या वेळी एका हातात या शाळेचा अनुभवाचा दाखला, दुसऱ्या हातात बी.एड.ची गुणपत्रिका, आणि दोन्हीकडं तारखा त्याच. त्यातला एक कागद खोटा आहे हे समोरच्याला सांगावं लागणार नाही. तुझ्या ओळखीचे गृहस्थ तेव्हा तुझ्या शेजारी उभे नसतील.

पण कागदपत्रांची भीती घालून मी तुला थांबवत नाहीये. तसं केलंस तर जे घ्यायला जायचं तेच तुला मिळणार नाही, हे माझं खरं म्हणणं आहे. ते काय असतं ते माझ्याच बाबतीत सांगते.

माझं बी.एड. १९८७चं. तेव्हा कोर्स एका वर्षाचा होता आणि विद्यापीठ धारवाडचं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, आम्ही शिकलो तेव्हा ते नव्हतं. माझे पहिले सहा सराव पाठ बघायला जे प्राध्यापक होते ते व्हरांड्यातूनच पाठ टाचणावर सही करायचे आणि चहाला जायचे. मी चार-चार पानी टाचणं काढायची, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, सगळं ओळीनं, शाईच्या दोन रंगांत. मला वाटायचं माझं फार छान चाललंय. सातव्या पाठाला दुसऱ्या प्राध्यापिका आल्या. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मुलींच्या शेजारी, आणि पूर्ण तास बसल्या. संपल्यावर त्यांनी निरीक्षण वही माझ्या हातात दिली. त्यात एक शब्द नव्हता. वर्गाचा नकाशा होता, बाकांच्या ओळी, फळा, खिडकी, आणि मी जिथं जिथं उभी राहिले तिथं पेन्सिलीचं एकेक टिंब. सगळी टिंबं फळ्याच्या उजव्या अंगाला, खिडकीपाशी. डावीकडच्या ओळीत अकरा मुली होत्या. ३५ मिनिटांत मी त्यांच्याकडं एकदाही गेले नव्हते, बघितलंही नव्हतं.

त्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी डावीकडून तास सुरू केला. पुढं ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आणि तास सुरू करताना मी कुठं उभी आहे हे मला कायम माहीत असायचं. ते पान मी अजून ठेवलंय.

हे पुस्तकात वाचून येत नाही. तू दोन वर्षं शिकवते आहेस, म्हणजे तुला वर्गाची भीती राहिलेली नाही, आणि म्हणूनच तुला याची जास्त गरज आहे. दोन वर्षांत तुझ्याही काही सवयी पक्क्या झाल्या असतील ज्या तुला दिसत नाहीत. मागं बसून कुणी बघितल्याशिवाय त्या दिसणारही नाहीत. सूक्ष्म अध्यापन ऐकलं असशील. १९६३च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली पद्धत आहे. आपल्याकडं तिचं चक्र ३६ मिनिटांचं करतात: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं, सहा मिनिटं पुन्हा ऐकायचं. एका वेळी एकच कौशल्य धरायचं, नुसतं प्रश्न विचारणं, नुसतं फलकलेखन. बरीच मुलं याला पोरखेळ समजतात, कारण समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र बसलेले असतात. तू समजू नकोस. मधली ती बारा मिनिटं फार मोलाची आहेत. नोकरीला लागल्यावर फसलेला तास लगेच पुन्हा घ्यायला कुणी देत नाही.

नंतर नंतर आमच्या शाळेत बी.एड.ची मुलं सरावाला यायची आणि मागच्या बाकावर बसायची पाळी माझी आली. एक मुलगा आठवतो, नववीला विस्तारसूत्रं शिकवत होता. वर्गात एकीनं फळ्यावर जाऊन (अ + ब)² = अ² + ब² असं लिहिलं. ही चूक तुझ्याही वर्गात होत असणार, दरवर्षी होते. बहुतेक जण 'चूक' म्हणून खोडतात आणि बरोबर सूत्र मोठ्या अक्षरात लिहितात. या मुलानं खोडलं नाही. म्हणाला, अ सात घे, ब तीन घे. सात आणि तीन दहा, दहाचा वर्ग शंभर. सातचा वर्ग ४९, तीनचा ९, बेरीज ५८. मग शंभरातले ४२ गेले कुठं? वर्ग गप्प. त्यानं पिशवीतनं वर्तमानपत्राचा चौकोन काढला, आधीच कापून आणलेला, दहा बाय दहाचा धरायचा म्हणून. त्याच्यावर सात आणि तीनच्या रेघा मारल्या. मोठा चौकोन फाडून एकीच्या हातात दिला, छोटा दुसऱ्याच्या. हातात दोन लांबट पट्ट्या उरल्या. सात गुणिले तीन, दोन वेळा. मागच्या बाकावरून मी बघत होते, ज्या मुलीनं चुकीचं लिहिलं होतं ती उठून पुढं आली आणि पट्ट्या मोजायला लागली.

तो मुलगा फार हुशार होता असं नाही. त्याआधीच्या आठवड्यात त्याचा हाच पाठ फसला होता, आणि त्याच्या कॉलेजच्या बाईंनी त्याला रात्री बसवून विचार करायला लावला होता. असं बसवणारं माणूस ज्या कॉलेजात आहे तिथं तू जा. नाक्याच्या अलीकडं की पलीकडं हा त्याच्यानंतरचा प्रश्न.

आता त्या नाक्याकडं वळू. अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेलं बी.एड. देशभर चालतं. कर्नाटकातली कॉलेजं तिच्या दक्षिण समितीकडं, महाराष्ट्रातली पश्चिम समितीकडं, एवढाच फरक. मान्यतेची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते, पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव त्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्यामुळं गडहिंग्लजचं बी.एड. इकडं बाद होईल ही भीती काढून टाक. प्रवेशाची रीत मात्र वेगळी आहे. आपल्याकडं सरकारी कोट्याच्या जागा पदवीच्या गुणांवर, शिक्षण खात्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून भरतात. लागणारे ५० टक्के तुझ्याकडं आहेतच. महाराष्ट्रात सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते, १०० प्रश्न, ९० मिनिटं, मराठीत देता येते. तिचा अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीलाच निघतो. आपली मुलं जूनमध्ये चौकशी करतात आणि वर्ष घालवतात. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशांत वेगळी तरतूद असते. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाच, दाखले कुठले ते आधीच काढून ठेव.

माझं मत विचारशील तर, तुला इथंच राहून शिकवायचं असेल तर बेळगावात कर. कारण सरळ आहे. १६ आठवडे तू ज्या शाळेत उभी राहशील तिथली पुस्तकं, तिथला अभ्यासक्रम, तिथली मुलं तुझ्या अंगवळणी पडतात. आपल्याकडं गणित-विज्ञानाला एनसीईआरटीवर बेतलेली पुस्तकं, मराठी माध्यमालाही त्यांचाच अनुवाद, आणि एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावीला, गणिताचा ८० गुणांचा एकच पेपर. पलीकडं बालभारतीची पुस्तकं, दहावीला गणित भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर. गणित तेच, पण घटकांचा क्रम, शब्द, प्रश्न विचारायची ढब वेगळी. तिकडं शिकून इकडं आलीस तर पहिलं वर्ष भाषांतर करण्यात जाईल. पुण्या-कोल्हापूरकडं नोकरी करायचं मनात असेल तर हेच उलट लागू, मग बिनधास्त तिकडं जा.

जाण्यायेण्याचंही बघ. कर्नाटकात बायकांना २०२३पासून शक्ती योजनेत साध्या बसचं तिकीट पडत नाही. खानापूर-बेळगाव रोजचं येणंजाणं तुला फुकटात होईल. सीमेपलीकडं ती सवलत नाही. आणि सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस नाक्यावरच थांबतात, हे आपण किती वेळा बघितलंय. परीक्षेच्या दिवशी तसं झालं तर? नऊ हजारांची नोकरी सुटणार आहे, तेव्हा या गोष्टी लहान नाहीत. गावात संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेता येतील, आणि कर्नाटक सरकारच्या स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर तुझ्यासाठी काही आहे का ते प्रवेश झाल्याझाल्या बघ.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ आणि तिची निरीक्षण वही मागून घे. आत नुसत्या सह्या आणि 'चांगला प्रयत्न' असेल तर वही परत दे आणि घरी ये. कुणी ओळीच्या ओळी लिहिल्या असतील, खोडलं असेल, वाद घातला असेल, तर ते कॉलेज चांगलं. मग ऑफिसात विचार, सरावाला कुठल्या हायस्कूलला पाठवता, त्यात मराठी माध्यमाचं एक तरी आहे का. नसेल तर प्राचार्यांना भेटून माग. तुझ्या अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायला घ्यायचे विषय, गणित आणि भौतिक विज्ञान असणार; मराठी माध्यमाच्या हायस्कूलला या विषयांचं सरावाचं माणूस मिळालं तर मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तुझ्या कन्नडविषयी मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण तू त्याला अडचण म्हणून लिहिलंयस आणि मी त्याची किंमत मोजलेली आहे. ती किंमत माझ्या खिशातून गेली नाही, याचं दुःख आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांचं एक परिपत्रक कन्नडमध्ये आलं. मला नीट वाचता आलं नाही. कुणाला तरी विचारू म्हणून मी ते खणात ठेवलं. लाज वाटायची विचारायला. मुदत निघून गेली. माझ्या वर्गातल्या चार मुलींचे त्या वर्षीचे पैसे बुडाले. एकीची आई शाळेत आली, मला काही बोलली नाही, नुसती व्हरांड्यात बसून राहिली आणि शेवटच्या बसनं गेली. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या कन्नडच्या सरांकडं रोज मधल्या सुट्टीत एक परिपत्रक घेऊन बसायला लागले. आठ महिन्यांत वाचायला लागले, दोन वर्षांत बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला स्वतः जाऊन भांडायला लागले.

मी १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळी फीत लावून मूक फेरीत चाललेली बाई आहे. मराठी शाळेसाठी जे करावं लागलं ते केलंय. आणि तरी तुला सांगते, वर्गात उभं राहणाऱ्या माणसाला समोरच्या मुलाची भाषा यायला पाहिजे, ती कुठलीही असो. आठवीत माझ्याकडं एक मुलगी होती, सौंदत्तीकडून कामाला आलेल्या कुटुंबातली, घरी कन्नड. तिला त्रेसष्ट म्हटलं की ती ३६ लिहायची. सगळे म्हणायचे, गणितात कच्ची आहे. मला कन्नड यायला लागल्यावर उलगडलं. कन्नडमध्ये अरवत्तमूरु, साठ आधी आणि तीन मग. मराठीत त्रेसष्ट, तीन आधी आणि साठ मग. ती पोर कानानं ऐकलेल्या क्रमानं आकडे मांडत होती. तिचं गणित ठीक होतं, आमच्या भाषेचा क्रम तिला कुणी सांगितला नव्हता. एका तासात सुटलं ते.

तुझ्या आत्ताच्या वर्गातही मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं एका बाकावर असतील. 'याक?' (का?) आणि 'ह्यांग?' (कसं?) एवढं जरी तू विचारू लागलीस, 'तिळीतेनु?' (समजलं का?) म्हटल्यावर मुलाचा चेहरा वाचू लागलीस, तरी सुरुवात झाली. बी.एड.च्या दोन वर्षांत शेजारी कन्नड मैत्रीण बसेल. तिला तू गणिताच्या पद्धतीत मदत कर, तिच्याकडून भाषा घे. सरकारी नोकरीला कन्नड लागणारच आहे, पण त्याआधी ती मुलांना लागते.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर पास व्हावा लागतो, १५० गुणांचा, खुल्या वर्गाला ९० हवेत; त्यात बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, गणित-विज्ञान ६०. एकदा पास झालं की आता आयुष्यभर चालतं. बी.एड. चालू असतानाच देऊन टाक, अभ्यास ताजा असतो. कर्नाटकात हायस्कूलची जागा निघते तेव्हा ती भौतिक-गणित आणि रसायन-जीवशास्त्र अशा गटांत निघते, तुझी पदवी पहिल्या गटात बसते. महाराष्ट्रात टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी आणि मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांतल्या रहिवाशांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिकडच्या सरकारी नोकरीला अर्ज करता येतो. तुझं गाव यादीत असेल तर तो दाखला आत्ताच काढ. एक गोष्ट मात्र पक्की समजून घे: ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवी बंद केली. गावातल्या प्राथमिक शाळेत कुठंतरी लागेन असा हिशेब मनात असेल तर तो आता चालणार नाही, त्याला डी.एड. लागतं.

बाबांना सांग, धोरणात एका वर्षाचं बी.एड. आहे, २०२०च्या शैक्षणिक धोरणात तसं लिहिलेलं आहे. पण ते चार वर्षांची पदवी किंवा एम.एस्सी., एम.ए. झालेल्यांसाठी. तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची. तुला दोनच वर्षांचं करायचं आहे, थांबून काही हाताला लागणार नाही. त्यांना एकदा बरोबर घेऊन कॉलेज बघायला जा. आपल्या मुलीला वर्गात उभी असलेली बघितली की वडील निम्मे तयार होतात.

राहिल्या मैत्रिणी. मराठी शाळांचा पट उतरतोय, त्या खोटं बोलत नाहीत. घटनेच्या ३५०-अ कलमात, १९५६ साली आलेल्या, मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचं म्हटलंय ते प्राथमिक टप्प्यापुरतंच. सातवीपर्यंत गावात मराठी शाळा असते, आठवीला हायस्कूलला जायची वेळ आली की वाट अरुंद होते. मराठी हायस्कूल बहुतेक संस्थांची, आणि तिथं गणित-विज्ञानाचं माणूस निवृत्त झालं की जागा लवकर भरत नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, गणिताला शिक्षक नाही म्हटल्यावर त्या वर्षी आठवीतली चांगली मुलं निघून जातात, मग पट घटला म्हणून पुढच्या वर्षी जागा मिळत नाही. तू आलीस म्हणून ते सगळं थांबेल असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवीच्या वर्गाला लसावि, मसावि, वर्गमूळ हे शब्द ज्याच्या तोंडात सहज आहेत असं माणूस हवंय, आणि ते तुझ्यासारख्या, मराठी शाळेतून जाऊन इंग्रजीत पदवी घेतलेल्या मुलींतूनच येणार आहे. बाहेरून कोण येणार इथं? तुझी नोकरी शेवटी इंग्रजी शाळेतच लागली तरीही चालेल. समोर पोरं आपलीच आहेत.

आता तो आठवीतला मुलगा. त्याच्यासाठी बी.एड. होईपर्यंत थांबायला नको. मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात घे, तिथं नियम लागत नसेल तर मराठीत, लागत असेल तर नुसत्या आकड्यांत, आकड्यांना कुणी अडवत नाही. वहीवर त्याला लिहायला लाव: ३ × (−२) = −६. त्याच्याखाली २ × (−२) = −४. मग १ × (−२) = −२. मग ० × (−२) = ०. प्रत्येक ओळीला उत्तर कितीनं वाढतंय ते त्यालाच विचार. दोन-दोननं, हे तो सांगेल. मग खालच्या ओळीत (−१) × (−२) लिही, बरोबरचं चिन्ह काढ, आणि पेन त्याच्या हातात देऊन तू गप्प बस. त्याला वेळ लागेल. घंटा झाली तरी उठू नकोस. काय लिहिलं त्यानं ते मला कळव.